जुन्या यशाची शिदोरी

सुरुवातीलाच एक कबुली. माझी शाळा साताऱ्यातली, कॉन्व्हेंट. मराठी आम्हाला होतं, पण एक पेपर म्हणून. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची सगळी जबाबदारी मी संपादक मंडळावर टाकून मोकळी झाले आहे. तुम्ही फक्त मुद्दा बघा.

मुद्दा असा. पेपर वाईट गेला, केटी लागली किंवा नुसतंच डोकं चालेनासं झालं की आपल्याला एक सल्ला हमखास मिळतो : "अगं, दहावीला किती मार्क होते तुला! ते आठव. तेव्हा जमलं, मग आता का नाही जमणार?" सिनिअर्स सांगतात, नातेवाईक सांगतात, मेसमधल्या मावशीसुद्धा सांगतात. जुनं यश आठवायचं आणि त्यातून जोर घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. मी गेल्या वर्षी हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. पहिल्यांदा तो साफ उलटा पडला, दुसऱ्यांदा उपयोगी पडला. या दोन वेळांत नेमका काय फरक होता ते समजून घ्यायला मी थोडं वाचन केलं. हा लेख त्यातूनच झाला.

गेल्या जुलैत आमचा सेकंड इयरचा निकाल लागला. 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स', म्हणजे आपल्या भाषेत एसओएम, शंभरपैकी २७. बाकीचे विषय निघाले, हा एक राहिला. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको की एसओएम राहिला म्हणजे पुढच्या स्ट्रक्चर्सच्या सगळ्या विषयांचा पायाच कच्चा राहिला. त्या रात्री मी रूम पार्टनरला सांगितलं, "३६ पडले, चार मार्कांनी गेला." घरी फोन करून सांगितलं, "एका विषयाचा रिझल्ट राखून ठेवलाय, सगळ्यांचाच." दोन्ही खोटं होतं. आजवर घरी खोटं बोलायची वेळ आली नव्हती, कारण सांगायला नेहमी चांगलंच असायचं.

मग सल्ल्याप्रमाणे मी दहावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. ९६ टक्के. सकाळी टॉवेल घ्यायला कपाट उघडलं की समोर ९६ टक्के. पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून ती झेरॉक्स माझ्याकडे बघून हसायला लागली. "तेव्हा हुशार होतीस. आता नाहीस." चौथ्या दिवशी मी टॉवेल बाहेर दोरीवर ठेवायला लागले.

हे फक्त माझंच होतं असं मला वाटायचं. पण आपल्या होस्टेलमध्ये कुठल्याही मजल्यावर कुणालाही विचारा, दहावीला नव्वदच्या वर सगळेच आहेत. म्हणजे सगळ्यांच्या कपाटात, दिसो न दिसो, ती झेरॉक्स लावलेली आहे. तरीही फर्स्ट इयरच्या पहिल्या निकालानंतर किती जणी बाथरूममध्ये जाऊन रडतात ते रेक्टर मॅडमना विचारा.

याचं एक उत्तर मला १९९८ सालच्या एका प्रयोगात सापडलं. अमेरिकेतल्या क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. पहिली कोडी सोपी होती, सगळ्यांना जमली. मग काही मुलांना सांगितलं, "तू हुशार आहेस." काहींना सांगितलं, "तू मेहनत चांगली घेतलीस." नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कुणालाच धड सुटली नाहीत. शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी. 'हुशार' म्हटलेल्या मुलांची कामगिरी या शेवटच्या फेरीत पहिल्यापेक्षा घसरली. 'मेहनत' म्हटलेल्यांची सुधारली. याहून मला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. मुलांना आपले मार्क दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी एका कागदावर लिहायला सांगितले, तेव्हा 'हुशार' गटातल्या मुलांनी ते वाढवून लिहिण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं.

२७ चे ३६ मी का केले ते मला इथे कळलं. माझ्या आठवणीतलं ९६ टक्क्यांचं यश 'मी हुशार आहे' या नावानेच साठवलेलं होतं. त्यात काय केलं, कसं केलं यातलं काहीच शिल्लक नव्हतं. मग आपटल्यावर त्यातून काढायला तरी काय उरणार?

गणपतीला घरी गेले. बॅगेत एसओएमचं पुस्तक होतं, पण ते दाखवण्यापुरतं. गौरीचे मुखवटे काढायला आईने मला माळ्यावर चढवलं. तिथे एका खोक्यात माझं नववीचं स्कूल हँडबुक मिळालं. कॉन्व्हेंटवाल्यांना हे माहीत असेल : प्रार्थना, नियम, सुट्ट्यांची यादी आणि मागे 'रिमार्क्स'ची पानं, ज्यात टीचर आपल्या तक्रारी लिहून पालकांची सही मागवतात. वर्ष संपलं तेव्हा माझी बरीच पानं कोरी होती. त्या पानांवर नववीनंतरच्या मे महिन्यात मी यवतेश्वरचा घाट लिहून ठेवला होता.

साताऱ्याबाहेरच्यांसाठी सांगते. समर्थ मंदिराच्या बाजूने कासकडे जो रस्ता चढतो, तो यवतेश्वरचा घाट. अंतर साधारण पाच किलोमीटर, पण सगळा चढ. २०१२ पासून साताऱ्यात जी हिल हाफ मॅरेथॉन होते, तिच्यातल्या धावणाऱ्यांचा जीव इथेच निघतो. त्या सुट्टीत मी मामेभावाची सायकल घेऊन ठरवलं होतं की न उतरता वरपर्यंत जायचं. आणि गेले. हॉस्टेलमध्ये हा किस्सा मी निदान दहा वेळा सांगितला असेल : "तीन दिवसांत मी यवतेश्वर मारला होता, गिअर नसलेल्या सायकलवर!"

हँडबुक वेगळंच सांगत होतं. एकूण नोंदी अकरा. तीन नव्हे, अकरा. सायकलला गिअर होते, फक्त मागचे चालत नव्हते. नोंदी साधारण अशा :

"डे १. पहिल्या वळणाला उतरले. श्वास संपला. पाणी नेलं नव्हतं."

"डे २. पहिल्या वळणाच्या थोडं पुढे. खूप जोरात सुरुवात केली."

"डे ४. पाऊस. चेन पडली. रडले." (हे 'रडले' खोडलं होतं, पण वाचता येत होतं.)

"डे ६. सायकलवाल्या काकांनी सीट वर केली. म्हणाले, गुडघे पोटात घेऊन चढ चढतेस होय? आज अर्ध्यापर्यंत."

"डे ८. साडेपाचला निघाले. ऊन नाही. लाइटचे खांब मोजले. सावकाश."

"डे ११. वर. बाबांना पेढे."

माळ्यावर धुळीत बसून मी हे दोनदा वाचलं. यातल्या सीटचं मला काहीसुद्धा आठवत नव्हतं. सायकलवाले काका पूर्ण पुसले गेले होते. खांब मोजल्याचंही गायब. माझ्या आठवणीत उरलं होतं ते फक्त 'वर'.

आठवणीचा हा स्वभाव जुना आहे. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये 'रिमेंबरिंग' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दर वेळी कथा छोटी होत गेली. जे विचित्र, न कळणारं होतं ते गळालं किंवा ओळखीच्या गोष्टीत बदललं. म्हणजे डोक्यात फोटो नसतो. आपण दर वेळी आठवण नव्याने बांधतो आणि बांधताना अडचणीचे दगड काढून टाकतो. अकराचे तीन दिवस मी खोटं बोलायचं म्हणून केले नव्हते. ते आपोआप झाले होते.

आता यात नुकसान काय? कॅनडात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये एक कल्पना मांडली. मराठीत तिला 'आपल्याला हे जमेल हा विश्वास' म्हणू. हा विश्वास चार ठिकाणांहून येतो असं त्यांचं म्हणणं : स्वतः करून दाखवलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, लोकांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची अवस्था (छाती धडधडत असेल तर आपण समजतो की आपल्याला जमणार नाही). या चारांत सगळ्यात भक्कम पहिलं. इथपर्यंत सल्ला देणारे बरोबरच आहेत. पण बंडुरांनी पुढे आणखी एक सांगितलंय, ते कुणी सांगत नाही. सहज मिळालेल्या यशाची सवय लागली तर माणूस पहिल्या अपयशाला कोलमडतो. टिकणारा विश्वास येतो तो अडचणी ओलांडून मिळवलेल्या यशातून. मग मी माझ्या आठवणीतल्या अडचणीच पुसल्या तर? अकरा दिवसांच्या कष्टाचं यश मी स्वतःच्या हाताने 'सहज मिळालेलं' करून टाकलं होतं.

परतीचा प्रवास एसटीने. आपल्यातले साताऱ्याकडचे सगळे याच रस्त्याने येतात : उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा, मग सांगली. खिडकीशेजारी हँडबुक मांडीवर घेऊन बसले होते आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की या रस्त्यावर आपल्या विषयाची दोन मोठी उदाहरणं राहतात.

पहिलं कराडला लागून, गोळेश्वर. खाशाबा जाधव यांचं गाव. १९५२, हेलसिंकी, बँटमवेट गटात ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक थेट १९९६ मध्ये लिएंडर पेसचं, म्हणजे ४४ वर्षांनी. कराडात बैलगाड्यांची जी मिरवणूक निघाली तिचं वर्णन आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण मिरवणूक म्हणजे परत 'वर'च की. मला त्यांच्या हँडबुकातल्या आधीच्या पानांत रस होता.

आधीचं पान १९४८ चं आहे. लंडन ऑलिंपिक, फ्लायवेट, सहावा नंबर. खाशाबा मातीत तयार झालेले, तिथे कुस्ती गादीवर आणि नियमही वेगळे. बोलाचालीत आपण याला 'पदक हुकलं' म्हणून सोडून देतो. मला वाटतं तेच त्यांचं सगळ्यात कामाचं पान असावं. गादीवर, परक्या नियमांत, जगातल्या पहिलवानांपुढे आपण कुठवर टिकतो हे त्यांना तिथे कळलं होतं. मधल्या चार वर्षांत त्यांनी तयारी केली आणि वजनगटही वरचा घेतला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशांतून गहाण पडलेलं घर सोडवायला मदत केली. म्हणजे त्यांच्या यशाच्या आठवणीत प्राचार्यांचं घरही होतं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. या पदकावर खाशाबांचं पुढचं आयुष्य तरलं असं काही झालं नाही. १९५६ च्या ऑलिंपिकला गुडघ्याच्या दुखापतीमुळे जाता आलं नाही. १९५५ मध्ये ते पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले, नोकरी केली, निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आठवणीतून जोर मिळतो म्हणून लोकांनीही आठवण ठेवावी अशी अपेक्षा धरली तर हाती काही लागत नाही. निदान आपल्याकडे तरी.

दुसरं उदाहरण पेठ नाक्याचं. १९४४ मध्ये तेव्हाच्या पेठ इस्लामपुरात जन्मलेले मुरलीकांत पेटकर. सैन्यात ईएमईमध्ये, आणि बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. आता विचार करा. 'जुनं यश आठव' हा सल्ला अशा माणसाला द्यायचा कसा? रिंगमधलं पायांचं काम हीच ज्याची ताकद, त्याला ते आठवून काय मिळणार? नुसता त्रास. ते यश जसंच्या तसं परत करता येण्यासारखं नव्हतंच. पेटकर आधी टेबल टेनिसकडे वळले, १९६८ च्या तेल अवीवच्या पॅरालिंपिकला त्यात खेळले. मग पोहणं. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्ण. पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक. सरकारने पद्मश्री दिली २०१८ मध्ये, आणि बऱ्याच जणांना नाव कळलं ते २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' आल्यावर.

बॉक्सिंगमधलं पोहण्यात काय येतं? ठोसा तर येत नाही. येते ती सकाळची सवय, कोचचं ऐकणं, दम मोजून वापरणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर राहणं. बंडुरांचंही हेच म्हणणं आहे की हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो. सायकलीवर घाट चढलात म्हणून बीमचे सम सुटत नाहीत. (यावर आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, "म्हणजे मी क्रिकेटमध्ये शतक मारलं त्याचा एम-थ्रीला उपयोग नाही?" नाही. नुसत्या शतकाचा नाही. त्या शतकाच्या आधी नेट्समध्ये काय केलंस त्याचा असू शकतो.)

पुढचं सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांना लगेच पटेल. माझ्या एसओएमच्या पेपरात स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हवर प्रश्न होता आणि मी तो घोकंपट्टी करून लिहिला होता. माइल्ड स्टीलची सळई यील्ड पॉइंटच्या पुढे ताणली आणि लोड काढून घेतला, तर ती पूर्ण मूळ लांबीवर येत नाही. पण पुन्हा ताणायला घेतली की आता तिचा यील्ड पॉइंट आधीपेक्षा वर गेलेला असतो. म्हणजे सळईला सोसलेलं लक्षात राहतं. पूर्वी बांधकामात वापरायचे त्या टॉर सळया याच तत्त्वावर : थंड असतानाच पिळायच्या, म्हणजे ताकद वाढते. पण फुकट काही मिळत नाही. ताकद वाढते तशी डक्टिलिटी कमी होते, सळई वाकायला नाखूश होते. भूकंपात इमारतीला वाकता यायला हवं. पुढे टीएमटी सळया आल्या, ताकद आणि लवचीकपणा दोन्ही बऱ्यापैकी देणाऱ्या, आणि टॉर मागे पडल्या. जुन्या यशाचंही असंच काहीसं होतं असं मला वाटतं. 'मी अशीच पास होते, रात्रभर नाईट मारून' ही आठवण इतकी कडक होऊन बसते की नवीन विषय दुसरी पद्धत मागत असला तरी आपण वाकत नाही. दहावीला माझं पाठांतरावर निभावलं होतं. एसओएमला मी तेच करायला गेले आणि मोडले.

कराडला एसटी दहा मिनिटं थांबली. मी खाली उतरून बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. २७, राखून ठेवलेला रिझल्ट वगैरे काही नाही, वगैरे. कंडक्टर घंटी मारेल या भीतीने भराभर सांगितलं. बाबा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माळ्यावर काय वाचत बसली होतीस ते कळलं आता." आणि थोड्या वेळाने, "सीट दोन बोटंच वर केली होती त्यांनी. मी होतो तिथे."

हे मला हँडबुकातही नव्हतं. तेव्हापासून मी एक करते : आपली जुनी गोष्ट आठवायची असेल तर त्या वेळी जे सोबत होते त्यांना विचारते. त्यांच्याकडे आपली गळालेली पानं असतात.

सांगलीत आल्यावर मी कपाटातली झेरॉक्स काढली. वहीच्या शेवटच्या पानांवर हँडबुकासारखेच दोन रकाने केले : 'कुठे उतरले' आणि 'का'. जुने पेपर घेतले आणि रोज एक सम, पुस्तक बंद करून. जिथे अडेन तिथे खरंखरं लिहायचं. दोन आठवड्यांनी नोंदी पाहिल्या तर गंमत. मला वाटत होतं मला एसओएम येत नाही. प्रत्यक्षात मी बहुतेक वेळा एकाच वळणाला उतरत होते : ओव्हरहँगिंग बीम. बाहेर आलेल्या भागावरच्या बेंडिंग मोमेंटचं चिन्ह चुकायचं, मग पॉइंट ऑफ कॉन्ट्राफ्लेक्शर चुकायचा, आणि पुढचं सगळंच घसरायचं. राहिलेल्या चुका युनिटच्या, किलोन्यूटन-मीटर आणि न्यूटन-मिलिमीटरचा घोळ.

वही घेऊन मी आमच्या एका सरांकडे गेले. त्यांनी पान पाहिलं, पेन्सिल घेतली आणि म्हणाले, "आकडेमोडीला हात लावण्याआधी बीम वाकेल कसा ते काढ. हसरा की रडका. मग चिन्ह चुकणार नाही." सपोर्टच्या मधे बीम खाली झुकतो तिथे हसरा, म्हणजे सॅगिंग. सपोर्टवर, जिथून टोक बाहेर जातं, तिथे रडका, म्हणजे हॉगिंग. एवढंच. दोन बोटं सीट वर.

आता ज्यांना हे करून पाहायचंय त्यांच्यासाठी वाचनातल्या दोन गोष्टी आणखी. स्टॅनफर्डच्या गॉर्डन बोवर यांनी १९८१ च्या सुमारास दाखवलं की माणूस ज्या मूडमध्ये असतो, त्या मूडच्या आठवणी त्याला सहज येतात. उदास असताना उदासच आठवतं. म्हणून निकालाच्या रात्री 'चांगलं आठव' म्हणून काही आठवत नाही, त्यात आठवणाऱ्याचा दोष नसतो. ही नोंद बरा दिवस असताना करून ठेवायची असते. मे महिन्यातल्या त्या मुलीने लिहून ठेवलं म्हणून मला वाचता आलं. निकालाच्या रात्री मी स्वतः होऊन एक ओळही आठवली नसती.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठातली, २०१४-१५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेली. तिथे कॉलेजच्या मुलांना व्यायामासंबंधी स्वतःची एक प्रेरणा देणारी आठवण लिहायला सांगितली. आठवड्याभराने विचारलं तर ज्यांनी चांगली आठवण लिहिली होती, त्यांनी न लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त व्यायाम केल्याचं सांगितलं. यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. आठवण व्यायामाचीच होती आणि काम व्यायामाचंच. आणि ती नुसती मनात आणली नव्हती, लिहून काढली होती. त्यामुळे एसओएमसाठी खरं म्हणजे मला गणितातलीच जुनी आठवण शोधायला हवी होती. शोधली. आठवीत मला अपूर्णांकांचा भागाकार महिनाभर कळत नव्हता, आईने भाकरीचे तुकडे करून शिकवला होता. हेही मी विसरले होते, आईला नीट आठवत होतं.

काही जण म्हणतील, आमच्याकडे यशच नाही, आठवायचं काय? मला हे पटत नाही, पण त्यावर भांडण करायचं नाही. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीने लिहिलं : पहिल्यांदा एकटी एसटीने घरापासून सांगलीला आले, स्टँडवर चुकीच्या गाडीत बसले, आष्ट्याला उतरून परत आले. तिच्या मते हे अपयश. मी म्हटलं, चुकलीस कुठे हे कळलं कधी? "बोर्ड वाचला तेव्हा." मग? "मग उतरले." एवढं पुरे आहे.

उलट ज्यांच्याकडे फार यश आहे त्यांनी जरा जपून. साताऱ्याचीच आदिती स्वामी २०२३ च्या जुलैत लिमरिकला तिरंदाजीत अठरा वर्षांखालची जगज्जेती झाली, आणि पुढच्याच महिन्यात बर्लिनला, सतराव्या वर्षी, सीनिअर गटात जगज्जेती. अंतिम फेरी १४९-१४७. जुलैचं यश घेऊन बसली असती तर ऑगस्टला बाण सोडायचे कुणी? तिरंदाजीत दर बाणाला शून्यापासून दहापर्यंतच मोजतात, आधीचे गुण हाताला मदत करत नाहीत. हात सराव करतो ती गोष्ट वेगळी.

माझा बॅकलॉगचा पेपर नोव्हेंबरात झाला. पेपरात ओव्हरहँगिंग बीम होता, पंधरा मार्कांना. मी आधी बीम वाकवून काढला. एका ठिकाणी तरीही उतरले, टॉर्शनच्या प्रश्नात, तो अर्धाच सुटला. होस्टेलला आल्यावर भडंगाचं पाकीट फोडायच्या आधी वहीत लिहून टाकलं : "टॉर्शन. पोलर मोमेंट हॉलो शाफ्टचा घेतला नाही. घाई."

जानेवारीत निकाल लागला. ५४. बाबांना ५४ च सांगितले, रूम पार्टनरलाही. ती म्हणाली, "३६ वरून ५४, चांगली उडी आहे गं." मग तिलाही बसवून सांगितलं की उडी २७ वरून होती. ती आधी चिडली, मग तिने स्वतःच्या कपाटाचं दार उघडून आतली झेरॉक्स दाखवली. ९५.२०.

या सेमला फ्लुइड मेकॅनिक्स आहे. डे १ ची नोंद झाली आहे : पहिल्याच वळणाला.